नव्या गाळ्यात थ्री-फेज घेताना: पॅनेल, अर्थिंग आणि ब्रेकर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत गाळा घेतला की लेथ कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर महिनाभर खल होतो. पॅनेल मात्र दाराच्या मागं, जिथं दुसरं काहीच बसत नाही तिथं जाऊन बसतं. मग त्यावर छत्र्या अडकतात, खाली कटिंग ऑइलचे डबे येतात आणि पहिल्याच पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते. हा लेख पहिल्यांदा थ्री-फेज कनेक्शन घेणाऱ्या गाळामालकासाठी आहे, आणि आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन नुकत्याच कामाला लागलेल्या पोरांसाठीही. मालकानं हे वाचून स्वतः पक्कड हातात घ्यायची नाही. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. पण काय मागायचं आणि काय खपवून घ्यायचं नाही, एवढं त्याला कळायला हवं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक गाळा धरून चालू. १० एचपीचा कॉम्प्रेसर, ५ एचपीचे दोन लेथ, ३ एचपीचं मिलिंग, १ एचपीचं ड्रिल, शिवाय दिवे-पंखे आणि एक हँड ग्राइंडर. कोल्हापुरात असले गाळे पैशाला पासरी.

आधी लोडची यादी

प्रत्येक मोटरच्या प्लेटवरचा एचपी आणि अँपिअर वहीत उतरवून घ्या. प्लेट पुसलेली असेल तर ४१५ व्होल्टवर एका एचपीला साधारण १.४ अँपिअर धरायचे. आपल्या गाळ्याचे २४ एचपी म्हणजे ३४ अँपिअरच्या आसपास, वर दिवे-पंखे, म्हणजे सगळं एकदम चालू असताना ४० च्या आत. पुढे आणखी एक मशीन येणारच, हे धरून ६३ अँपिअरचा मेन ब्रेकर पुरतो.

ही यादी खरी द्या. लोड कमी दाखवून कोटेशनमध्ये चार पैसे वाचवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या कमी लोडवर बेतलेली सर्व्हिस केबल आणि मीटर पुढे तुमचा खरा लोड ओढत बसतात आणि उन्हाळ्यात मीटरपेटीत जळका वास येतो. मीटरच्या पुढचं सगळं काम तुमच्या जबाबदारीचं असतं. ठेकेदार टेस्ट रिपोर्टवर सही करतो तेव्हा त्यातले मेगरचे (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) आणि अर्थचे आकडे प्रत्यक्ष मोजलेले आहेत का, हे समोर उभं राहून बघा. टेबलावर बसून भरलेले रिपोर्ट या धंद्यात भरपूर फिरतात.

जागा

पॅनेलच्या पुढे किमान १ मीटर मोकळी जागा लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत हे आहेच, आणि कारणही साधं आहे: समोर ठिणगी उडाली तर माणसाला मागं सरता आलं पाहिजे. पॅनेलच्या मागच्या बाजूला उघडी जोडणी असेल तर मागची जागा एकतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवायची, नाहीतर ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त. मधलं काही नाही. कारण मधल्या अंतरात माणूस घुसतो, पण त्याला वळता येत नाही.

वर बाथरूम, पाण्याची टाकी किंवा पत्र्याचा जोड नको. जिन्याखाली नको, तिथं सामान साठतंच. केबल पॅनेलमध्ये खालून घ्या. वरून घ्यावी लागलीच तर आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळातून टपकतं, पॅनेलमध्ये शिरत नाही. प्रत्येक केबलला तिच्या मापाची ग्लँड (भोकात केबल घट्ट धरणारी कडी) हवी आणि उरलेली भोकं बंद करायची. हे बारीक काम वाटतं, पण बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांवर) आडवी पडलेली पाल थ्री-फेज शॉर्ट करायला पुरेशी असते. जुन्या वायरमनला विचारा, प्रत्येकाकडे पालीची एक तरी गोष्ट असते.

शेजारी फाउंड्री असेल तर पेटी निवडताना जास्त विचार करा. मोल्डिंगच्या वाळूत कोळशाची पूड मिसळलेली असते आणि ती धूळ ओल धरते. ओल्या काळ्या धुळीचा थर दोन फेजच्या मध्ये बसला की त्यातून करंट वाट काढू लागतो. साधी पत्र्याची पेटी इथं चालत नाही. आयपी ५४ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे रोखणारी, रबर गॅस्केट असलेली पेटी घ्या. उघड्यावर, पावसात बसवायची असेल तर आयपी ६५.

आता पाण्याचं. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली होती आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. तुमचा गाळा शाहूपुरी, दुधाळी, कसबा बावडा किंवा शिरोलीच्या सखल भागात असेल तर शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारा: पाणी कुठपर्यंत आलं होतं? भिंतीवर डाग अजून असतो. त्या डागाच्या वर किमान अर्धा मीटर पॅनेलचा खालचा काठ यायला हवा. एवढ्या उंचीवर हात पोचत नसेल तर पक्का लोखंडी ओटा आणि पायऱ्या करा. पावसाळ्यात स्टूल शोधत फिरण्याची वेळ येऊ देऊ नका. प्लगचे सॉकेट, स्टार्टर आणि चेंजओव्हरही (लाइनवरून जनरेटरवर बदलायचा स्विच) शक्य तितके वर. मोटर वर नेता येत नाही, ती भिजणारच. तिचं काय करायचं ते शेवटी.

शेडची उंची वाढवणार असाल तर आधी मान वर करून बघा. वरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर छपरापासून उभं अंतर ३.७ मीटर आणि बाजूनं आडवं अंतर १.२ मीटर राहिलं पाहिजे. एलटी (कमी दाबाच्या) लाइनला उभं २.५ आणि आडवं १.२. नवीन पत्रा चढवताना हातातला लांब अँगल लाइनला लागतो तो याच अंतराच्या हिशेबात चूक झाल्यामुळं.

अर्थिंग

इथं थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत.

थ्री-फेज मोटरच्या आणि पॅनेलच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या लागतात. एक तुटली तरी दुसरी काम करावी, हा हेतू. पुष्कळ ठिकाणी एकाच खड्ड्यातून दोन पट्ट्या काढून "डबल अर्थिंग" म्हणून दाखवतात. ते चालत नाही, दोन खड्डे हवेत आणि त्यांच्यातलं अंतर इलेक्ट्रोडच्या लांबीपेक्षा कमी नको. दुप्पट असेल तर उत्तम. आयएस ३०४३ प्रमाणे जीआय पाइपचा इलेक्ट्रोड किमान अडीच मीटर लांब लागतो आणि तो इमारतीपासून दीड मीटर तरी दूर हवा.

कोल्हापुरात खड्डा खणायला घेतला की दोनच गोष्टी होतात. नदीकाठच्या बाजूला काळी माती लागते, नाहीतर दोन-तीन फुटांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण. काळी माती ओली असताना अर्थिंगला फार चांगली. पण मे महिन्यात ती आकसते, तिला भेगा पडतात आणि ती पाइपपासून सुटते. म्हणून जुलैत मोजलेला अर्थचा आकडा बघून खूश होऊ नका. मोजायचं ते एप्रिल-मे मध्ये, वळवाचा पाऊस पडायच्या आधी, अर्थ टेस्टरनं, दोन खुंट्या ठोकून. बल्ब लावून "बघा, पेटला" ही अर्थची चाचणी नव्हे. पाषाण लागला तर तो फोडत बसण्यापेक्षा कमी खोलीचे आणखी एक-दोन इलेक्ट्रोड लांब-लांब टाकून सगळे पट्टीनं जोडा. मीठ-कोळशाचा खड्डा सुरुवातीला चांगला आकडा देतो, पण मीठ पाइप खातं. बेंटोनाइटसारखी भर घातलेली परवडते. खड्ड्यावर झाकण आणि नरसाळं ठेवा, उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

आता गैरसमज. "अर्थिंग केलंय म्हणजे शॉक बसणार नाही, एमसीबी (आपोआप पडणारा छोटा ब्रेकर) पडेल" असं सगळे धरून चालतात. आकडेमोड करून बघू. तुमच्या खड्ड्याचा अर्थ ५ ओहम आहे आणि डीपीवरच्या (महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) न्यूट्रलचा १ ओहम. लेथच्या बॉडीला फेज चिकटली तर करंट २३० भागिले ६, म्हणजे सुमारे ३८ अँपिअर. त्या लेथला ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी आहे. तो झटक्यात पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ३८ अँपिअरवर तो तासभर तसाच बसून राहू शकतो. आणि तेवढा वेळ लेथच्या बॉडीवर ३८ गुणिले ५, म्हणजे १९० व्होल्ट उभे असतात.

म्हणून आरसीसीबी लागतो. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला नाही, कुठंतरी जमिनीत चालला, एवढं तो मोजतो आणि ठरलेल्या मिलिअँपिअरला लाइन तोडतो. माणूस हातात धरतो त्या सगळ्या गोष्टींना, म्हणजे हँड ग्राइंडर, ड्रिल, एक्स्टेंशन बोर्ड, वॉशिंगचा पंप यांना, ३० मिलिअँपिअरचा. मेनवर १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा, थोड्या उशिरानं पडणारा घ्या, नाहीतर एका ग्राइंडरमुळं अख्खा गाळा अंधारात जाईल. सीएनसी किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर साध्या आरसीसीबीनं काम भागत नाही. ड्राइव्हच्या पुस्तकात कुठला प्रकार सांगितलाय ते बघून घ्या.

आरसीसीबी लावला की पहिल्याच दिवशी तो सारखा पडतो आणि वायरमन म्हणतो, "साहेब, पीस खराब आहे, बायपास करू." नव्वद टक्के वेळा पीस खराब नसतो, हे मी ठामपणे सांगेन. कुठंतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतात, किंवा दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकाच लिंकवर घातलेले असतात. प्रत्येक आरसीसीबीच्या न्यूट्रलची लिंक वेगळी ठेवायची आणि डीबीत (ब्रेकरच्या वाटप पेटीत) न्यूट्रल-अर्थ कधी जोडायचे नाहीत. बायपास करणाऱ्याला त्या दिवशीची मजुरी देऊन निरोप द्यावा.

आरसीसीबीवर "टी" लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. अमावास्येला मशीनला नारळ फोडता, त्याच दिवशी दाबा, म्हणजे विसरायला होत नाही.

ब्रेकर निवडताना

ब्रेकर मशीनला वाचवतो असं लोकांना वाटतं. तो मुळात केबलला वाचवतो. म्हणून क्रम असा: मशीनचा करंट सगळ्यात कमी, ब्रेकरचा आकडा त्यापेक्षा मोठा, आणि केबलची क्षमता ब्रेकरपेक्षाही मोठी. ब्रेकर सारखा पडतो म्हणून २० चा काढून ३२ चा बसवला, पण वायर तीच अडीच चौरस मिलिमीटरची राहिली, की पुढच्या वेळी ब्रेकर गप्प बसतो आणि वायर तापते. शॉर्टसर्किटची आग म्हणून जी बातमी वाचतो तिच्या मागं कितीतरी वेळा हेच निघतं. दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरला ६ किंवा १०, अडीचला १६ ते २०, चारला २५. यापुढे जायचं तर केबलचा तक्ता उघडा. एकाच पाइपात चार सर्किट कोंबली असतील तर आकडे आणखी खाली आणावे लागतात.

कर्व्हचं थोडक्यात. बी-कर्व्ह आपल्या आकड्याच्या ३ ते ५ पटीला झटक्यात पडतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. मोटर सुरू होताना पूर्ण लोडच्या सहा-सात पट करंट ओढते. त्यामुळं दिव्यांना बी, साधारण मोटरला सी, आणि वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर किंवा जड सुरुवातीच्या मोटरला डी.

मोटरला एमसीबी पुरत नाही. कॉन्टॅक्टरबरोबर (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) ओव्हरलोड रिले हवा आणि तो प्लेटवरच्या अँपिअरला लावायचा. आपल्या १० एचपीच्या कॉम्प्रेसरला डायरेक्ट स्टार्टर असेल तर रिले १४ वर. स्टार-डेल्टा (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा स्टार्टर) असेल आणि रिले डेल्टाच्या आतल्या वायरवर असेल तर ५८ टक्के, म्हणजे सुमारे ८ वर. इथं नवी पोरं १४ ठेवतात आणि दोन महिन्यांत वाइंडिंग जळून येतं. शिवाय सिंगल-फेजिंग प्रिव्हेंटर लावाच. आपल्याकडं एक फेज जाणं काही नवीन नाही, आणि दोन फेजवर कण्हत चालणारी मोटर काही मिनिटांत जळते.

सगळ्यात दुर्लक्षित आकडा ब्रेकरच्या तोंडावरच छापलेला असतो: ६०००, १००००, किंवा एमसीसीबीवर (एमसीबीपेक्षा मोठा ब्रेकर) २५ के.ए., म्हणजे २५ हजार अँपिअर. शॉर्ट झाल्यावर किती करंट तो न फुटता तोडू शकतो, ते त्यात सांगितलंय. तुमच्या इथं किती येऊ शकतो हे डीपीच्या प्लेटवरून काढता येतं. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टला १३३ अँपिअर देतो. त्याचा इम्पिडन्स साडेचार टक्के असेल तर अगदी टर्मिनलवर शॉर्ट झाल्यास सुमारे ३,००० अँपिअर. २०० केव्हीएला ६,००० च्या जवळ. ५०० केव्हीएला १५,००० च्या आसपास. खेडेगावातल्या १०० केव्हीएच्या डीपीवर १० के.ए.चा एमसीबी आरामात चालतो. पण कागलच्या पंचतारांकित वसाहतीत मोठ्या ट्रान्सफॉर्मरला खेटून असलेल्या कारखान्याच्या मेन पॅनेलमध्ये तोच एमसीबी शॉर्टच्या वेळी फुटू शकतो. मेनला एमसीसीबी वापरायचं खरं कारण हे आहे. केबल लांब झाली की हा आकडा झपाट्यानं उतरतो, त्यामुळं मशीनजवळच्या डीबीत एमसीबी चालतात.

न्यूट्रलवर फ्यूज कधीही नको, आणि न्यूट्रलवर एकटा स्विचही नको. तोडायचाच तर तिन्ही फेजबरोबर एका हँडलनं. न्यूट्रल एकटा सुटला की हलक्या लोडच्या फेजवर व्होल्टेज ४०० कडे सरकतं आणि सगळे एलईडी, चार्जर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर एका फटक्यात जातात. ऑफिसच्या सर्किटला ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लावून घ्या. वळवात विजा पडतात त्यासाठी एसपीडी (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण). पण त्याच्या फेज आणि अर्थच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत. नटवी गुंडाळी करून जोडलेला एसपीडी पैसे वाया घालवतो.

केबल आणि जोड

६३ अँपिअरच्या मेनला २५ चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअर अॅल्युमिनियम आर्मर्ड केबल साधारण वापरतात. सिंगल-फेजचा लोड किंवा ड्राइव्ह जास्त असतील तर चार कोअर घ्या, म्हणजे न्यूट्रल फेजएवढाच जाड मिळतो. जमिनीतून न्यायची असेल तर ७५ सेंटिमीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटांचा थर. विटा शोभेच्या नसतात. पुढं कधी कुणी पहार मारली तर आधी वीट लागते. वळवताना केबलच्या जाडीच्या बारा पटीपेक्षा लहान वळण नको.

अॅल्युमिनियमची तार सोलून सरळ ब्रेकरच्या पितळी तोंडात खुपसायची नाही. मापाचा लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), मापाच्या डायनं क्रिंप, तांब्याच्या बसबारवर जाणार असेल तर बायमेटॅलिक लग. हातोडीनं चेपलेला लग वरून छानच दिसतो. अॅल्युमिनियम तापलं-निवलं की मऊ पडून ढिलं होतं, ढिला जोड आणखी तापतो, आणि एक दिवस प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. त्यामुळं नवीन पॅनेलचे सगळे बोल्ट महिन्याभरानं, लाइन बंद करून, टॉर्क पान्यानं पुन्हा बघा. नंतर वर्षाला एकदा, गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत.

चालू करण्याआधी

लाइन देण्याआधीच्या चाचण्या या क्रमानं: अर्थची सलगता प्रत्येक मशीनच्या बॉडीपर्यंत, मग ५०० व्होल्टच्या मेगरनं फेज-फेज आणि फेज-अर्थ इन्सुलेशन, ते १ मेगाओहमच्या वर हवं, नव्या कामाला याच्या कितीतरी पट मिळतं. मेगर मारताना ड्राइव्ह, एसपीडी, एलईडी आणि कॅपॅसिटर सोडवून ठेवा, नाहीतर चाचणीतच त्यांचा निकाल लागेल. मग सगळे ब्रेकर खाली करून फक्त मेन चढवा, तिन्ही फेजची व्होल्टेज मोजा, फेजचा क्रम बघा. स्क्रू कॉम्प्रेसर उलटा फिरला तर काही सेकंदांत बिघडतो. त्याचा हौशीनं मुहूर्त करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मग एकेक सर्किट. दोन-तीन तास लोडवर चालवून थर्मल गन किंवा कॅमेऱ्यानं जोड बघा.

पॅनेलपुढे रबरी मॅट, वर मराठीत धोक्याची पाटी, शेजारी शॉक बसल्यावर काय करायचं याचा तक्ता आणि सीओटू किंवा ड्राय पावडरचं सिलिंडर. प्रत्येक ब्रेकरखाली मशीनचं नाव लिहा. "स्पेअर" लिहिलेल्या ब्रेकरवर अख्खं पार्किंग चालतंय, असं होऊ देऊ नका.

काम करताना

मशीनवर काम करायचं तर स्टार्टरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. मागचा ब्रेकर किंवा आयसोलेटर खाली, त्याला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, आणि टेस्टर आधी चालू लाइनवर तपासून मग या वायरला लावायचा. पॉवर फॅक्टरसाठी कॅपॅसिटर पॅनेल असेल तर बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा आणि डिस्चार्ज रॉडनं तिन्ही टोकं शॉर्ट करूनच हात घाला. फोनवर "लाइन बंद केली का रे?" विचारून डीपीवर चढणं आणि किटकॅट (फ्यूज) स्वतः बदलणं गावाकडं अजून चालतं. डीपी महावितरणचा आहे. फ्यूज गेला तर १९१२ ला फोन, बस.

जनरेटर जोडायचा तर चार पोलचा चेंजओव्हर हवा, एका वेळी एकच बाजू चढू शकेल असा. दोन वेगळ्या एमसीबींनी "आठवणीनं" बदलायची पद्धत बंद करा. तुमच्या जनरेटरचे ४१५ व्होल्ट डीपीतून उलटे जाऊन वरच्या लाइनवर ११,००० होतात आणि पोलावर बसलेला लाइनमन लाइन बंद आहे या भरवशावर असतो.

कुणाला शॉक बसलाच तर आधी मेन खाली करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडानं बाजूला ढकला, उघड्या हातानं ओढू नका. श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब सुरू करा आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. शुद्धीवर आला, चहा प्यायला, तरी एकदा ईसीजी काढून घ्या.

पुराच्या आधी आणि नंतर

इशारा पातळी ओलांडल्याची बातमी आली आणि तुमचा गाळा डागाच्या खालचा असेल, तर पाणी उंबऱ्याला लागायची वाट बघू नका. मशीन बंद, सगळे ब्रेकर खाली, मेन खाली, जनरेटरची बॅटरी सोडवा, सोलरचा एसी आणि डीसी दोन्ही आयसोलेटर बंद. सोलरच्या पॅनेलमधून ऊन असेपर्यंत डीसी येतच राहतो, तो मेन बंद केल्यानं थांबत नाही. पाणी आत आल्यावर मेन पाडायला पाण्यातून चालत जायचं नाही; महावितरणला कळवून बाहेरूनच लाइन तोडून घ्यायची.

पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशी फक्त चिखल काढा. भिजलेले एमसीबी, एमसीसीबी, आरसीसीबी, कॉन्टॅक्टर आणि रिले फेकून द्या. उन्हात ठेवून, ब्लोअर मारून ते कोरडे दिसतात, चढतातही. पण आत गाळ बसलेला असतो आणि जेव्हा पडायचं तेव्हा ते पडत नाहीत. २०१९ नंतर बऱ्याच ठिकाणी असे "वाळवलेले" ब्रेकर पुन्हा बसवले गेले. कुणी तुम्हाला स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. पेटी आणि बसबार धुऊन, सुकवून वापरता येतात, फक्त बसबारचे इन्सुलेटर नीट तपासा. आर्मर्ड केबलच्या टोकातून पाणी आत ओढलं जातं, म्हणून दोन्हीकडची भिजलेली टोकं कापून मेगर मारा. मोटर वाइंडिंगवाल्याकडं नेऊन उघडा, धुऊन ओव्हनमध्ये सुकवा, बेअरिंग बदला, गरज असेल तर वॉर्निश द्या. मेगर १ मेगाओहमच्या वर स्थिर राहिला तरच लाइनला लावा. अर्थच्या खड्ड्यातले बोल्ट गाळात गंजतात, तेही उघडून घासा.

मीटर पाण्यात गेलं असेल तर त्याच्या सीलला हात लावू नका. १९१२ वर कळवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि पाणी होतं तिथपर्यंतचे पॅनेलचे, मोटरच्या प्लेटचे फोटो साफसफाईच्या आधीच काढून घ्या. विम्याच्या अर्जाला ते जोडावे लागतात.